पूजेला बसलेली पुस्तकं

जगातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या कुठल्याही प्राध्यापकाला हात धुवायला लावील अशी एकच बाई मी पाहिली आहे, आणि ती माझी आतेबहीण आहे. लालबागच्या एका जुन्या कामगार ग्रंथालयात ती आयुष्यभर ग्रंथपाल होती. तिथे पुस्तक मागणाऱ्याने आधी तळवे दाखवायचे आणि मग नाव सांगायचं, असा तिचा नियम. पुढे तिथली जुनी कागदपत्रं स्कॅन झाली, परदेशी विद्यापीठांनी मिळून उभारलेल्या सामाईक डिजिटल ग्रंथालयात गेली, पण नियम जागचा हलला नाही. एकदा एक जर्मन प्राध्यापक व्हिडिओ कॉलवर गिरणी कामगारांच्या नाटकांविषयी विचारत होते. ताईने त्यांना मध्येच थांबवलं. "हातात काय आहे?" हातात सँडविच होतं. "ते खाऊन घ्या, हात धुऊन या, मग पान उघडते." मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, "ताई, कागद तुझ्या कपाटात आहे. त्यांच्यासमोर नुसतं चित्र येणार." "देवाचंही चित्रच असतं घरात. त्याला खरकटा हात लावतोस?" ती म्हणाली. प्राध्यापक टॉवेलला हात पुसत परत आले आणि त्यांनी कॅमेऱ्यापुढे तळवे धरले.

या सामाईक ग्रंथालयाची रचना ताई कुणालाही दोन वाक्यांत समजावायची. प्रत्येक ठिकाणी सर्व्हर नावाचं एक यंत्र, त्यावर आपली पुस्तकं, आणि शिवाय बाकीच्यांच्या पुस्तकांची एकेक प्रत. एकाचं यंत्र आजारी पडलं तर दुसऱ्याने वाचकाला उपाशी ठेवायचं नाही. मुंबईचं यंत्र ग्रंथालयात जिथे पूर्वी कॅरम चालायचा त्या खोलीत आलं आणि त्याच्यासाठी एसी बसला. त्या मे महिन्यात लालबागमध्ये ज्ञानाची तहान एकदम वाढली. एरवी वर्तमानपत्रही न उघडणारी माणसं "जरा यंत्र बघतो" म्हणून यायची आणि घोरायला लागल्यावरच उठवली जायची. हादऱ्यांनी यंत्र बिघडेल म्हणून गणपतीत ताई स्वतः मंडळात जाऊन ढोलवाल्यांना बजावून आली, आणि तेव्हापासून मिरवणूक ग्रंथालयापाशी आली की एखादा कार्यकर्ता पुढे होऊन ओरडतो, "ए, हळू घे रे! आत फॉरेनची पुस्तकं झोपलीत." गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये ढोल हळू करायला लावणं म्हणजे काय, हे लालबागकरालाच कळेल.

कागदांच्या बाबतीत ती निव्वळ दरोडेखोर होती. आमच्याकडे आली की पाणी पिण्याआधी पोटमाळ्यावर चढायची. माझे वडील, म्हणजे तिचे मामा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत आणि कामगारांच्या स्पर्धांसाठी नाटकं लिहीत. लहानपणी ही विंगेत बसून त्यांच्या नाटकाचं प्रॉम्प्टिंग करायची. वडील गेल्यावर आईने एका आवराआवरीत त्या नाटकाची हस्तलिखित प्रत रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली होती. जगात तेवढी एकच प्रत. ताईने गठ्ठा सोडवला, प्रत पदरात घेतली आणि चहाला न थांबता निघून गेली. आई बरेच दिवस म्हणायची, पोरीचं काहीतरी बिनसलंय. त्या नाटकाची पानं हाताळली की कडा झडायच्या. म्हणून तिने ते सगळ्यात आधी स्कॅन केलं.

मग आला दसरा. पुस्तकं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी वाचन बंद, ही आमच्याकडची जुनी रीत. पुस्तकांनाही एक दिवस विसावा. ताईने यंत्राला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं वाहिली आणि यंत्र बंद केलं. जायच्या आधी जगभरच्या वाचकांसाठी सामाईक ग्रंथालयाच्या पानावर सूचना लिहिली: 'आज पुस्तकं पूजेला बसली आहेत. उद्या यावे.' तिकडे नेमकं त्याच दिवशी जर्मन प्राध्यापकांचं व्याख्यान. भरल्या वर्गापुढे वडिलांच्या नाटकाऐवजी पडद्यावर ही सूचना झळकली. तक्रारी गेल्या. सामाईक ग्रंथालयाच्या समितीने ठराव मांडला की लालबागचे सगळे कागद परदेशातल्या मुख्य यंत्रावर न्यावेत आणि मुंबईचं केंद्र बंद करावं. म्हणजे आमचेच कागद बघायला आम्ही त्यांच्या दारात उभं राहायचं. ताईने त्या दिवशी चहा नाकारला, यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. मी म्हटलं, माफी मागून टाक. "गप ऱ्हव मेल्या," ती म्हणाली. तिचं मालवणी बाहेर पडलं की वाद संपलेला असतो.

समितीच्या व्हिडिओ मीटिंगला तिने ठेवणीतली इरकल नेसली होती. अध्यक्षांनी विचारलं, ग्रंथालय बंद पडलं याला जबाबदार कोण? "मी," ताई म्हणाली. "आधी कळवायला हवं होतं, ते चुकलं. आता मी विचारते. आमच्या कागदांची प्रत तुमच्या यंत्रावर ठेवायची असं ठरलं होतं. मग मी एक दिवस दार लावलं, तर पान तुमच्याकडून का नाही उघडलं?" पडद्यावरच्या एका चौकटीत त्यांचा तंत्रज्ञ टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. प्रत कुणी केलीच नव्हती, आज करू उद्या करू चाललं होतं. "आता तुमचं यंत्र पाच मिनिटं बंद करा," ताई म्हणाली. कुरकुरत त्यांनी केलं. ताईने त्यांचा एक जुना ग्रंथ मागितला आणि तो आमच्या कॅरमच्या खोलीतून झटकन उघडला. "चाळीत आमची किल्ली शेजाऱ्याकडे असते," ती शांतपणे म्हणाली. "मी गावी गेले म्हणून माझ्या घरी आलेला पाहुणा जिन्यात बसत नाही. तुमची किल्ली मी सांभाळली. माझी कुठाय?" मग जर्मन प्राध्यापकांनी आपले दोन्ही तळवे वर करून दाखवले आणि म्हणाले, माझं मत या बाईंना.

यंत्र लालबागमध्येच राहिलं. प्रती झाल्या. आता दरवर्षी दसऱ्याला आमचं यंत्र रीतसर बंद होतं आणि बाकीच्यांनी आमचे कागद उघडतात की नाही हे तपासायचं असतं. त्यांच्या इंग्रजी नियमावलीत 'दसरा' हा शब्द छापलेला आहे. तो मी भेटेल त्याला दाखवतो. घरातले वैतागतात, पण मला तिचा अभिमान वाटतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

ताई आता निवृत्त होऊन बदलापूरला लेकीकडे असते. डोळ्यांनी फार दिसत नाही. या दसऱ्याला मी ग्रंथालयात गेलो होतो. नव्या ग्रंथपाल मुलीने यंत्राला हार घातला, बटण बंद केलं, आणि माझा फोन वाजला. "उघडतंय का बघ रे." मी मोबाइलवर शोधलं. वडिलांचं नाटक जर्मनीहून उघडलं. त्यांचं तिरकं अक्षर मी बोटांनी मोठं केलं आणि म्हटलं, उघडलं. "वाच," ती म्हणाली. म्हटलं, "आज वाचायचं नसतं ना?" "आपली पूजेला बसलीत. ही तिकडची प्रत. तिकडे कुठला आलाय दसरा? आणि हात धुतलेस का?" मी मुकाट्याने उठलो, हात धुऊन आलो आणि वाचायला लागलो. पहिल्या प्रवेशात एका पुसट शब्दापाशी अडखळलो, तर पलीकडून ताईने तो हलकेच पुरवला, विंगेतून पुरवायची तसा.