ऑर्विल आणि लोखंडी मेंढा

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण माझं जेवणाचं टेबल अजून पूर्ण माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्याच्या एका कडेला ऑर्विलनं काडतुसं भरायचं यंत्र बोल्ट मारून घट्ट बसवलंय. पाहुणे आले की भाजलेली टर्की त्या यंत्राला खेटून ठेवायची आणि वर हसायचं.

ऑर्विल हौगेन, माझा नवरा. मोंटानातल्या आमच्या भागात जन्मभर शेताशेतावर गॅसचा टँकर नेला. स्वभावानं इतका मऊ की कोंबडी कापायची असली की मलाच हाक मारणार. पण रिव्हॉल्व्हर म्हटलं की माणूस बहकतो. तेही साधंसुधं चालत नाही, सगळी आडदांड.

ह्या वेडाचं मूळ एक लोखंडी मेंढा. आमच्या क्लबच्या उन्हाळी सामन्यात दोनशे यार्डांवर जाड लोखंडाचे मेंढे उभे करतात. गोळी लागून मेंढा पडला तरच गुण. एका वर्षी ऑर्विलची गोळी खणकन लागली, मेंढा जरासा डुलला आणि उभाच राहिला. झालं! पुढच्या वर्षी ह्यानं जास्त जाड गोळीचं रिव्हॉल्व्हर आणलं. मग त्याहून जाड. गोळी वाढत गेली तसा नेम बिघडत गेला, कारण धक्के खाऊन खाऊन मनगट कामातून गेलं. सकाळी कॉफीचा मगसुद्धा दोन्ही हातांनी धरायचा.

"अरे, त्या पहिल्या चव्वेचाळीस नंबरच्या रिव्हॉल्व्हरनं तुझी गोळी लागत तरी होती," मी वैतागून म्हणायची.

"नुसती लागून काय करू, मार्लिस? पडायला नको?"

गेल्या जूनमध्ये पाच काडतुसांचं एक धूड घरात आलं. एकेक काडतूस माझ्या अंगठ्याएवढं. सामन्याला ऑर्विलनं मला दुर्बिणीशी बसवलं, गोळी कुठे जाते ते सांगायला.

"खाली," मी म्हणाले. मग "डावीकडे." मग "मातीत." मग "पुन्हा मातीत, कमाल आहे तुझी!"

पाचवा बार झाला. खणकन आवाज आला, मेंढा मागे कलला आणि आडवा झाला. मी ओरडणार तेवढ्यात शेजारीच गलका झाला. मनगटानं दगा दिला होता. रिव्हॉल्व्हर उसळलं आणि नळीच्या टोकावरचा नेम धरायचा लोखंडी खुंट थेट ऑर्विलच्या कपाळात घुसला. तो जमिनीवर बसला होता, तोंड रक्तानं माखलेलं.

"पडला का?" त्यानं विचारलं.

"तू पडलायस, मूर्खा!"

"मी नाही गं, मेंढा!"

पंच रॉय ट्वेट धावत आला. "ऑर्विल, मी तुझ्याकडेच बघत होतो. सगळेच बघत होते. वाऱ्यानं पडला असेल तर?"

"वाऱ्यानं? एवढं लोखंड वाऱ्यानं पडतं होय रे?"

कपाळावर फडकं दाबून हा माणूस भांडत राहिला. दवाखान्यात चल म्हटलं तर जागचा हलेना. शेवटी रॉय माझ्याकडे वळला. "मार्लिस, तू सांग. तू म्हणशील ते खरं."

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. एका शब्दात सगळ्या वर्षांचा सूड निघाला असता. ऑर्विल माझ्याकडे बघत होता, एका डोळ्यानं, कारण दुसऱ्यात रक्त उतरलं होतं.

"गोळीनंच पडला," मी म्हणाले. "आता ह्याला गाडीत घाला."

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा एक्स-रे पाहून स्पष्ट सांगितलं, "ह्यापुढे एकही बार नाही." ऑर्विलनं निमूट मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! आता तो क्लबातल्या सगळ्यांना शिकवतो. मूठ कशी धरायची, काडतुसात दारू किती भरायची, हे विचारायला लोक ऐन स्वयंपाकाच्या वेळी फोन करतात. आणि मागच्या आठवड्यात आणखी एक रिव्हॉल्व्हर घरी आलं.

"तू झाडणार नाहीस. मग हे कशाला?"

"बघायला," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा लाजला.

काचेच्या कपाटात जागा नव्हती. पुटपुटत, दारं आपटत, माझ्या आईच्या बश्या मीच काढून खालच्या खणात ठेवल्या.