हिरामणशेठ भिंत उकडतात

मांजर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हिरामणशेठ तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर. शेठ हे लोकांनी लाडाने केलेलं. नोकरी सगळी एका कारखान्यात स्टोअरकीपरची. बाजारच्या औषधावर या माणसाचा विश्वास नाही. खोकला असो, झुरळ असो की गंजलेली कडी, काहीतरी उकळायचं आणि ओतायचं.

नदी जवळ, त्यामुळे जोराच्या पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरतं. ओसरलं की भिंतीवर छातीच्या उंचीला तपकिरी रेघ राहते. रंग दिला तरी पुन्हा वर येते. म्हणून इथली रीत अशी, की उल्हासनगरहून वॉलपेपर आणायचा, रेघ झाकायची आणि पाहुण्यांना सांगायचं, "पाणी? गेटपर्यंत येतं हो. आत थेंब नाही." शेठ हे इतक्या मनापासून सांगतात, की मलाच वाटायला लागतं, त्यांचा सोफा मोठ्या पुराच्या वर्षी आमच्या जिन्यापर्यंत पोहत आला तो निव्वळ हौसेने.

यंदा त्यांच्या अक्षयचं वांगणीच्या तेजलशी जमलं. तिचे वडील जयदेवराव रविवारी घर पाहणार, मग होकार. नेमका हॉलमधला वॉलपेपर बुरशीने फुगलेला. नवा आणला, पण आधी जुना निघायला हवा.

"पप्पा, माणूस बोलवू," अक्षय म्हणाला. "केमिकल मारेल, खतम."

"केमिकल? निसर्गाचा काही विचार?"

आणि निसर्गासाठी शेठनी गॅस पेटवला. व्हिनेगर, रिठे, लिंबाची सालं, आंबट ताक, सगळं बायकोच्या, बनूबाईंच्या, लग्नातल्या पातेल्यात. सिलिंडर संपला तरी पर्यावरण वाचतच होतं. शेठ बादलीने भिंत भिजवत आणि उलथन्याने खरवडत. विटांच्या डिझाइनखाली गुलाब निघाले, गुलाबांखाली बांबूचं जंगल. जिन्यात वास असा, की कोणी कढीने आंघोळ करतंय.

"अहो, पुरानेसुद्धा भिंतीला इतकं पाजलं नव्हतं," बनूबाई म्हणाल्या.

कागद निघाला, हे मान्य करायला हवं. पण भिंत अशी मुरली की नवा काही चिकटेना. शनिवारभर शेठ तिला टेबलफॅनचा वारा घालत बसले. रविवारी जयदेवराव आणि तेजल आले तेव्हा नवा वॉलपेपर कोपऱ्यात गुंडाळलेला आणि रेघ समोर. मला सज्जन शेजारी म्हणून शोभेला बसवलं होतं.

जयदेवरावांनी कप खाली ठेवला. "हा पट्टा कसला?"

"टू-टोन," शेठ म्हणाले. "सध्या हीच फॅशन."

अक्षयने डोळे मिटून घेतले.

"फॅशन कसली डोंबलाची!" बनूबाई कडाडल्या. "पुराची खूण आहे. या वरच्या भाऊजींकडे जाऊन राहिलो होतो आम्ही. पोरीला नांदायचंय इथं, तिला कशाला फसवायचं?"

जयदेवराव शेठकडे बघत राहिले. "गेटपर्यंत म्हणाला होतात."

"गेटपासून पुढे... किंचित."

"पप्पा," तेजल हळूच म्हणाली, "आपल्या गोठ्यातपण शिरतं. तुम्ही कुठे कोणाला सांगता?"

जयदेवरावांना एकदम खोकला आला. तो सरला तेव्हा आवाज बराच खाली आलेला होता. "होकार आहे माझा. पण पोरं तळमजल्यावर राहणार नाहीत. अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर जागा बघा."

शेठचा चेहरा पडला. सून घरात वावरणार म्हणून तर भिंतीशी एवढी कुस्ती खेळली होती. मग म्हणाले, "तिथे लिफ्ट असेल ना हो? नाही, आम्ही रोज येणार."

"रोज नाही हं," बनूबाई तेजलला म्हणाल्या. "दिवसाआड."