एनीरीझनचाचा

दोह्यात अल मुंतझा भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात कुणी हौसेने जहाजाची सहल बुक करायला आलं, की चाचा त्याला पहिला प्रश्न विचारायचे, "आणि नाय गेलात तर?" गिऱ्हाईक अजून खुर्चीत नीट टेकलेलंही नसायचं. बायको मोबाइलवर जहाजावरच्या तलावाचे फोटो दाखवत असायची, पोरं "पूल, पूल" करत नाचत असायची, आणि चाचा आपले शांतपणे चष्मा पुसत म्हणायचे, नाय गेलात तर? मालकाने त्यांच्यापुढे कितीदा हात जोडले. "चाचा, लोक खुशीत येतात हो, त्यांना जरा खुशीत राहू द्या." चाचा मान हलवायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच विचारायचे.

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या खणात छापील तयार असे. 'कॅन्सल फॉर एनी रीझन' नावाची विम्याची पॉलिसी. पहिलं डिपॉझिट भरल्यापासून दोन आठवड्यांत काढायची, आणि जायचं नसेल तर जहाज सुटायच्या निदान अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं. चारातले तीन हिस्से परत मिळतात आणि कुणी तुम्हाला 'का' म्हणून विचारत नाही. साध्या पॉलिसीत आजारपणाचा दाखला द्या, मयताचा दाखला द्या, सह्या करा. हिच्यात काही नाही. चाचा ती इतक्या मायेने विकायचे, की दोह्यातल्या मराठी मंडळींनी त्यांचं नावच एनीरीझनचाचा पाडलं. खरं नाव त्यांच्या व्हिसावर होतं, तिथेच राहिलं.

ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, मी वसईची. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले, तर म्हणाले, "गो बाये, आपल्या भाषेत बोल. दिवसभर तोंड वाकडं करून थकलोय मी." मी सिल्विया, त्यांची सिलू झाले. तिकिटाचं सगळं काम त्यांनी मला शिकवलं. गिऱ्हाइकासमोर जांभई कशी गिळायची, तेसुद्धा.

त्यांचा एक हट्ट मात्र मला फार उशिरा समजला. हा माणूस कुणाला कारण विचारत नसे आणि स्वतः कधी सांगत नसे. उशीर झाला तर म्हणायचे, "उशीर झाला." ट्रॅफिक नाही, पोट बिघडलं नाही, काही नाही. माझ्या मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचं आमंत्रण दिलं तर म्हणाले, "येत नाय." मी आठ दिवस फुगून बसले. नवव्या दिवशी तिच्यासाठी पांढरे बूट घेऊन आले, अगदी मापाचे. गावी चाचींनाही हाच न्याय. "ह्या ईदला येत नाय," एवढाच फोन. त्या 'का' विचारायच्या, हे म्हणायचे, "नाय."

मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. तेव्हा ते एका कंत्राटी कंपनीत कारकून होते आणि रजेच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना असायचा. कॅम्पातला प्रत्येक जण त्या रकान्यात एकच लिहायचा, मदर सीरियस. आज याची आई, उद्या त्याची. साहेब हसायचा आणि अर्ज बाजूला टाकायचा. चाचांनीही तेच लिहिलं. त्यांचं खरं होतं. "दुसरा अर्ज केला तवा रजा मिळाली," त्यांनी मला एकदाच सांगितलं. "त्यात कारण येगळा होता." पुढे मी विचारलं नाही, कारण तोवर मला त्यांची सवय लागली होती.

लोक त्यांना थोडे बिचकूनही असत. कारण चाचा सगळ्यांना पॉलिसी दाखवत, पण काही जणांपुढे ती हळूच सरकवून वर बोट ठेवत. "ही काढाच." आणि नेमके तेच लोक जात नसत. फरीज बिन ओमरान वस्तीतलं एक जोडपं, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून केबिन घेतलेलं. जहाज सुटायच्या आठवड्यात ती एकटीच सही करायला आली, आणि नवरा कुठे आहे ते तिने सांगितलं नाही. एक एकटे गृहस्थ, दर वाक्याला हसणारे. त्यांचा फोन पुढे लागलाच नाही. मग लोक कुजबुजायला लागले, चाचांची जीभ काळी आहे. आमच्या चर्चमधल्या एक बाई तर ते नसतील अशी वेळ गाठून बुकिंगला येत.

मी एकदा धीर करून विचारलं, "चाचा, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"त्यात काय जादू हाय?" ते म्हणाले. "जो नुसता तिकीट मागतो, तो जातो. जो न विचारता कारण सांगत बसतो, का जातोय, किती वरसांनी जातोय, डॉक्टर काय बोलला, त्याच्याकडं बघ. आतून घाबरलेला माणूसच कारण सांगतो, सिलू."

त्यानंतर मीही गिऱ्हाइकांचे चेहरे बघायला लागले. सांगते, वाईट सवय आहे. सुखाने झोप लागत नाही.

मग चाचा निवृत्त झाले. ऑफिसातला त्यांचा पासवर्ड बंद झाला, व्हिसाचे थोडे महिने उरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चाचींना इकडे बोलावून घेतलं. चाची म्हणजे बुटक्या, गोऱ्या, बोलायला चाचांच्या अगदी उलट. त्यांचा बाप तांडेल, सासरा बोटीवर, भाऊ बोटीवर. जन्मभर धक्क्यावर उभं राहून त्यांनी माणसं रवाना केलेली. ऑफिसात चहा पिता पिता मला म्हणाल्या, "माझ्या बापानं कधी नाय नेलान, ह्यांनी नाय नेलान. मला खय जायाचं नाय गो. फक्त एकदा जहाजावरनं धक्का बघायचाय. मागं ऱ्हायलेला कसा दिसतो तो."

चाचांनी त्याच दिवशी केबिन घेतली. दोन रात्रींची सहल, मध्ये कुठलं बंदर नाही, नुसतं समुद्रात फिरून परत. रविवारी संध्याकाळी सातला सुटणार, मंगळवारी सकाळी परत दोह्यात. पॉलिसीही काढली. मला चेष्टा सुचली. "काय चाचा, आणि नाय गेलात तर?" ते हसतील असं वाटलं होतं. ते उठले, जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने खाली उतरले. पाठमोरे होते, मला चेहरा दिसला नाही.

जहाज सुटायच्या आधीच्या सोमवारी ते एकटेच आले. दिवसभर धुळीचा वारा होता, काचेबाहेर रस्ता पिवळा झाला होता. म्हणाले, "जुम्याच्या राती मगरिबनंतर हितं बस. मी येऊन एक शब्द सांगेन, 'जातोय' नायतर 'कॅन्सल'. फोनवर लिहून पाठवू नको काय." त्यांचे मेसेज चाचीच वाचत आणि चाचीच लिहीत, कारण चाचांचा अंगठा एका वेळी चार अक्षरं दाबायचा. मी हो म्हटलं. का, ते विचारलं नाही. मनात हिशेब केला: शुक्रवारी संध्याकाळ, सातपर्यंत मुदत, चाचा बरोबर वेळेत येतील.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये आमच्या कॉयरची प्रॅक्टिस होती, फोन पर्समध्ये बंद. बाहेर आले तर चाचांचे तीन मिस्ड कॉल. मी मेसेज टाकला, "चाचा, उद्या भेटतोच ना?" उत्तर आलं, "इन्शाल्ला." उत्तर चाचींनी लिहिलं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही.

शुक्रवारी सुट्टी असूनही मी चारपासून ऑफिस उघडून बसले. मगरिबची अजान झाली. रस्त्यावर गाडी थांबली की मी मान वर करायची. साडेसहा झाले. त्यांचा फोन बंद. पावणेसातला मी स्वतःची समजूत घातली, की आले नाहीत म्हणजे जाताहेत, बॅग भरत असतील. सात वाजले आणि मी चक्क आनंदाने कुलूप लावलं. चाची धक्का बघणार!

आठला हॉस्पिटलमधून फोन आला. चाचाच होते.

"काल आलो होतो गो मी. पायरीवर बसलो अर्धा तास."

"काल? चाचा, तुम्ही शुक्रवारची रात्र म्हणालात!"

"जुम्याची रात बोललो. आमच्यात रात आधी येते, दिस मागनं. जुम्याची रात म्हंजे गुरुवारची."

हे मला कळायला नको होतं? शनिवारी संध्याकाळच्या चर्चमधल्या मिस्साला रविवारचा मिस्सा धरणारे आम्ही, दोह्यात तर शुक्रवारचाही रविवारच धरतो. आणि एवढं साधं मला उमगलं नाही. गुरुवारी त्यांना हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट मिळाला होता. शुक्रवारी नमाजनंतर छातीत दुखलं, तिथूनच दाखल केलं. सोमवारी सकाळी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती.

"अजून होईल चाचा," मी म्हटलं. "दाखला द्या, आजारपणाखाली कॅन्सल करू."

"आता कारण लिवावा लागेल. आणि खाली तिची सही लागेल. नाव बदलता येतं ना उद्यापर्यंत? तू जा तिच्यासंगती. मी तिला सांगितलंय, जुन्या कंपनीचं ऑडिट निघालं, लांब दुखानला तीन दिस ऱ्हावा लागतोय, साहेब सोडत नाय."

"हे बरोबर नाही चाचा. त्यांना कळायला हवं."

"माझ्यापायी ती आणि किती वेळा धक्क्यावर उभी ऱ्हाणार? सिलू, मला 'का' विचारू नको."

मी चिडले, रडले, आणि शनिवारी सकाळी नाव बदललं. आपल्या चुकीची भरपाई करतोय असं मला वाटलं असावं. माझा नवरा अँथनी हॉस्पिटलात बसायला तयार झाला.

रविवारी जहाज हललं तेव्हा चाची कठडा धरून उभ्या होत्या. धक्का मागे मागे गेला, माणसं टाचणीएवढी झाली, दिवे लागले. मी बाजूला उभी राहून बडबडत होते, दुखानचं ऑडिट कसं अवघड असतं, तिकडे फोन कसा लागत नाही. चाचींनी एकदाच हात वर केला आणि धक्क्याच्या दिशेने हलवला. तिथे आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

सोमवारी दुपारी अँथनीचा फोन आला. चाचा टेबलावरच गेले.

जहाज पाण्यात, परत पोचायला दुसरी सकाळ उजाडणार. चाची डेकवर खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर तसबीची माळ. मी चालत गेले तेवढ्यात मनात तीन खोट्या गोष्टी रचल्या, की आज ह्या वेळेपुरतं सांगू, उतरल्यावर खरं सांगू. समोर उभी राहिले आणि तोंड उघडलं, "चाची, तिकडे दुखानला ना..."

त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"नको गो. तू पण कारण नको सांगू." डोळे समुद्राकडेच होते. "चाळीस वरसात त्या माणसानं मला एक कारण सांगितलं नाय. जुम्याला फोनवर सांगत बसले, ऑडिट, साहेब, दुखान, तीन दिस. मी तवाच समजले."

"मग आलात कशाला, चाची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचा गिऱ्हाइकांकडे बघायचे, तसंच.

"ह्यांना वाटत होतं, मला कळलं नाय," त्या म्हणाल्या. "तसंच वाटू दिलं."