साठ ग्रॅम आणि शंभर किलो

जगात दोनच गोष्टी अचूक असतात: सूर्योदय आणि आमच्या साडूंनी घरी केलेला प्रोटीन बार. त्यातही सूर्योदय साडूंनी अजून तपासलेला नाही. भोपाळच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे दुसऱ्यांनी घडवलेले सुटे भाग मोजून परत पाठवले. निवृत्तीला एक वर्ष उरले, तेव्हा तेच खाते त्यांनी इंद्रपुरीजवळच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात उघडले. कारण एकच. क्वार्टर सोडण्यापूर्वी टाउनशिपच्या क्लबच्या जिममध्ये जमिनीवरून शंभर किलो उचलायचे. तरुणपणी ते पंचाण्णववर अडकले होते. पाच किलो इतकी वर्षे मनात बाळगून माणूस जेवतो कसा, हे मला अजून कळलेले नाही.

विकतचा बार त्यांना चालत नसे. "वेष्टनावर वीस ग्रॅम प्रथिनं छापलीत. मोजली कुणी?" असे ते दुकानदारालाच विचारत. म्हणून सातूचे पीठ, दाण्याचा कूट, खजूर, व्हे पावडर, सगळे काट्यावर. बार साठ ग्रॅमचाच, लांबी व्हर्नियरने मोजलेली. एकोणसाठ भरला की लाल पेन्सिलीने 'नापास' लिहिलेली चिठ्ठी. ते नापास बार ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हाला चहाबरोबर वाढत. जिममधल्या प्रत्येकाचा नमुना वेगळा असे. साखरेचा त्रास असलेल्या तिवारीजींना खजुराविना, गुडघे दुखणाऱ्यांना तीळ जास्त. माझ्या पुडीवर त्यांनी 'हलक्या वापरासाठी' असे लिहिले होते. मी दुखावलो, पण वर्णन बरोबर होते.

मे महिन्यात बार मऊ पडू लागले, तेव्हा साडूंनी गुळाचा पाक इतका पक्का केला की बार ओट्यावरून फरशीवर टाकला तरी अखंड राहिला. खूश होऊन त्यांनी तो चावून पाहिला.

"दाढ गेली," तोंडावर रुमाल धरून ते म्हणाले. "पण बार पास आहे."

"अहो, तो खायचाय," ताई म्हणाल्या. "मशिनीला बसवायचा नाहीये."

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी शंभर किलो उचलले. हजर होतो मी, ताई आणि तिवारीजी. वीसचा दांडा, दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या दोन चकत्या. बेरीज मीच करून दिली होती. साडू लाल झाले, मग जांभळे झाले, आणि गुडघे सरळ झाले. "उठ गया दादा, अब रख भी दो," तिवारीजी म्हणाले. साडू ठेवीनात. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. उन्हाचा त्रास होतो म्हणाल्या. जिमला खिडकी नव्हती.

नंतर ते दोघे मुलाकडे पुण्याला गेले. तीन वर्षांनी क्लबने नवे सामान घेतले आणि जुने भंगारात काढले. खजिनदार मी. साडूंचा फोन आला, "माझा सेट वेगळा तोलून द्या. पावतीचा फोटो पाठवा. भिंतीवर लावायचाय."

कबाड्याने दांडा आणि चार चकत्या काट्यावर ठेवल्या. "साहब, साढ़े सत्तानवे."

मी तीनदा तोलायला लावले. तिन्ही वेळा साडेसत्त्याण्णव. चकत्यांवर वीस छापलेले होते. मोजले कुणी होते?

क्लबच्या वहीत मी आजवर चुकीचा आकडा लिहिलेला नाही.

"पर्ची पे सौ लिख दो," मी म्हणालो.

"और ढाई किलो का नुकसान कौन भरेगा?"

पावतीचा फोटो पुण्याला गेला. दोन मिनिटांत साडूंचे उत्तर आले: 'पास.' क्लबला पूर्ण शंभर किलोंचे पैसे मिळाले. अडीच किलोंचे, तीसच्या भावाने पंचाहत्तर रुपये, मी माझ्या खिशातून कबाड्याला दिले.