आईचा शेक आणि माझे टाके

“थर्ड डिग्री टेअर आहे, हिला ऑपरेशन थिएटरात घ्या,” डॉक्टरबाई नर्सला म्हणाल्या. त्या माझ्या पायांपाशी उभ्या होत्या आणि माझी मुलगी नुकतीच रडली होती. तिचं तोंड बघायचं सोडून मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

शिळफाट्याच्या एका मेडिकलमध्ये सात वर्षं मी काउंटरवर उभी आहे. गोळी जेवणाआधी की नंतर, हे दिवसभर लोकांना सांगते. पण हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मूल बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा फाटते. बऱ्याच जणींचं थोडं फाटतं, टाके पडतात, भरून येतं. थर्ड डिग्री म्हणजे फाट शौच रोखून धरणाऱ्या स्नायूपर्यंत गेली. माझी मुलगी अडली होती, व्हॅक्यूम लावून काढावी लागली. त्यात हे झालं.

कंबरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं आणि टाके घातले. घालताना दुखलं नाही. नंतर जे दुखलं ते सांगायला कोणी बसत नाही, म्हणून मी सांगते. पहिली लघवी म्हणजे निखारा. नर्सने पाण्याचा मग हातात दिला आणि म्हणाली, “करता करता कोमट पाणी ओतत राहा.” तेवढ्या एका वाक्याने निम्मी आग कमी झाली. बसायचं तर एका कुल्ल्यावर, शिंक आली तर डोळ्यांत पाणी.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. “स्नायू शिवलाय, तो जुळला पाहिजे. शौच घट्ट होता कामा नये. भरपूर पाणी प्या, सिरप रोज घ्या. दुखणं सोसत बसू नका, गोळ्या वेळेवर घ्या. या गोळ्यांनी बाळाला काही होत नाही.” सिरप लॅक्ट्युलोजचं होतं. ते आतड्यात पाणी धरून शौच मऊ ठेवतं. मी स्वतः शेकडो बाटल्या विकल्या आहेत.

आई हे सगळं दाराजवळ उभी राहून ऐकत होती. ती नेहमी दाराजवळच असते. लग्नाला गेली तरी मांडवाच्या टोकाला. कपाटात जुनी लुगडी फाडून त्यांच्या घड्या ठेवते, कशाला ते सांगत नाही. कडावहून कर्जतला यायचं असलं तरी उपाशीपोटी येते, कोणी चहा पुढे केला तर म्हणते, “गाडी लागते मला.” आम्ही भावंडं तिला त्यावरून चिडवायचो.

पहिलं बाळंतपण, म्हणून मी कडावला माहेरी गेले. आईने खाटेखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकला. “पाय फाक गं, आतपर्यंत शेक लागला पायजे.” गरम धूर टाक्यांवर लागला की मी ओरडायचे. ती मनगट धरून ठेवायची. तिचा हात एवढा घट्ट मी कधी पाहिला नव्हता.

गोळ्या तिने डब्यात घालून वर फळीवर ठेवल्या. “दूध आटंल. आमी काय गोळ्या खाऊन बाळंत झालो?” सिरप तर नाहीच. “तुला जुलाब, मग पोरीला जुलाब.” पाणी दोन वेळा, ते पण उकळलेलं, वाटीभर. बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणे.

आता तुम्ही विचाराल, तू शिकलेली, तू का ऐकलंस? मीही स्वतःला रोज विचारते. सासर, नवरा, मेडिकलचा मालक, सगळ्यांशी मी भांडते. पण अंगात त्राण नव्हतं, बाळ छातीला होतं, आणि माझं न्हाणं-धुणं, कपडे सगळं आई करत होती. तिच्याशी भांडून मी कुठे जाणार होते? उठून फळीवरचा डबा काढायचा म्हटलं तर तेवढं उभं राहवत नव्हतं.

सहा दिवस शौचाला झाली नाही. सातव्या दिवशी झाली तेव्हा आत काहीतरी सुटल्याचं मला कळलं. ते दुखणं मी लिहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी घाण वास यायला लागला आणि ताप चढला. तरी मी दोन दिवस कोणाला बोलले नाही. लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी माझा नवरा संदेश बाळाला बघायला आला. मी खाटेवरून उठले आणि उभ्या उभ्या शौच पायांवरून ओघळली. मला येतेय हे कळलंच नाही. तो रिक्षा आणायला धावला. आईही आमच्याबरोबर कर्जतला आली.

डॉक्टरांनी तपासलं. “वूंड गॅप झालंय,” म्हणजे टाके तुटून जखम उघडली होती, आत पू होता. लगेच परत शिवता येणार नव्हतं. आधी जखम साफ व्हायची, मग तीन महिने थांबून मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन.

“मग मला रोखता येईल ना?” मी विचारलं.

“प्रयत्न करू. पूर्ण येईल असं आज सांगत नाही.”

मी एकोणतीस वर्षांची होते. मेडिकलच्या काउंटरवर आठ तास उभं राहायचं होतं. मुलीला कडेवर घेऊन लोकांत जायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तो ओघळ येत होता.

“शेकायला कोणी सांगितलं?” डॉक्टर आईवर चिडल्या. “गोळ्या, सिरप, सगळं बंद केलंत, मावशी?”

मला बरं वाटलं. खरंच सांगते, आईला कोणी बोलतंय याचं मला बरं वाटलं.

आई दाराची कडी धरून उभी होती. “मला शेक नाय मिळाला, बाई. आई नव्हती मला. दहाव्या दिवशी लावणीला उतरले चिखलात. म्हनून मी अशी झाले. हिचं तसं नको व्हायला, म्हनून केलं सगळं.”

“अशी म्हणजे कशी?”

आई खाली बघत राहिली. “राहात नाय. वारा नाय, नि ते पण नाय.”

“किती वर्षं झाली?”

तिने माझ्याकडे बोट केलं. “ही झाली तवापास्नं.”

कपाटातल्या जुन्या लुगड्यांच्या त्या फाडून ठेवलेल्या घड्या, रिकामं पोट, मांडवाचं टोक. मला सगळं एकदम कळलं. मी तिच्यावर रागावले होते आणि आता तो राग ठेवायला जागा उरली नाही. मी रडले नाही. डॉक्टरांना म्हटलं, “हिचा पण केस पेपर काढा.”

पुढचे तीन महिने फार वाईट गेले. रोज ड्रेसिंग, डायपर मुलीला आणि मलाही. गोळ्या मात्र घड्याळ लावून घेतल्या, दूध आटलं नाही. पनवेलला ऑपरेशन झालं. आज मी कामावर जाते. शौच रोखता येते, वारा दर वेळी रोखता येतोच असं नाही. घाईची आली तर धावावं लागतं. हे एवढंच राहील, असं डॉक्टर म्हणतात.

आईचं ऑपरेशन करून फार उपयोग नाही, स्नायू केव्हाच आकसून गेलाय. तिला पेल्विक फ्लोअरचा व्यायाम दिलाय, म्हणजे शौच रोखल्यासारखं खालचं अंग आवळून धरायचं आणि सोडायचं. तांदूळ निवडता निवडता ती आवळते आणि ओठ हलवून आकडे मोजते.

हे वाचणाऱ्या बाईला माझं एकच म्हणणं आहे. टाके पडले तर गोळी घे, पाणी पी, शेगडी लांब ठेव. आणि काही सुटलं, ओघळलं, तर त्याच दिवशी सांग. आणि तुझी आई दाराजवळ का उभी असते, तेही एकदा विचार.

मागच्या तपासणीनंतर आम्ही दोघी कर्जत स्टँडवर बसलो होतो. मी एक वडापाव आणला. आईने अर्धा तोडला, अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. रिक्षा समोर उभी होती, कडावपर्यंतचा रस्ता होता.

“खाऊ?” तिने मला विचारलं.

“खा. काय झालं तर मी हाय ना,” मी म्हटलं. ती हळूहळू खात होती आणि मी आमच्या दोघींचे जास्तीचे कपडे असलेली पिशवी मांडीवर घेऊन बसले.