नसरीन एकटीच फ्रान्सला गेली

शनिवारची दुपार. पुंडलिकनगरातलं आमचं घर, अंगावर येणारा कूलरचा वारा, पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला डावा हात... आणि मोबाईलवर नसरीनचे फ्रान्सचे फोटो. मी जळत होते. दुसरा कुठलाही सभ्य शब्द वापरत नाही.

नसरीन माझी सायकलवरची मैत्रीण. तिचं औरंगपुऱ्यात ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, मी शाळेत शिकवते. बऱ्याच वर्षांपासून आम्ही दोघी सकाळी दौलताबादच्या रस्त्याला सायकल मारतो. ट्रकचे हॉर्न, राँग साइडनं येणाऱ्या मोटारसायकली आणि "काकू, रेस लावता का?" म्हणणारे टवाळ... सगळं झेलत.

फ्रान्सचं वेड मात्र माझं. तिकडे लुआर नावाची नदी आहे. तिच्या काठाकाठानं सायकलवाल्यांचा रस्ता जातो आणि वाटेत जुने राजवाडे, दगडी पूल, शेकडो वर्षांची चर्च लागतात. कितीतरी महिने मी रोज मोबाईलवर त्या रस्त्यानं हिंडत होते. कुठे वळायचं, प्यायला पाणी कुठे मिळेल, कुठल्या गावाबाहेर चढ आहे... सगळं. नसरीन नुसती हसायची, "तू रास्ता देख, मैं तेरे पीछू."

मे महिन्याच्या सुट्टीतली तिकिटं काढली. व्हिसा आला. आणि जायच्या तोंडावर सिल्लोड रोडला सराव करताना कुत्रं आडवं आलं... कॉलरबोन मोडलं. डॉक्टर म्हणाले, यंदा सायकल विसरा.

नसरीन दवाखान्यात आली. तिचा नवरा इर्शादभाई दारातच उभे राहिले.

"तू नको म्हण, मी पण नाही जात," ती म्हणाली. "मला तरी कुठं एवढ्या लांब एकटीनं जायचंय?"

इर्शादभाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, मी 'नको' म्हटलेलं त्यांनाही हवंच होतं. माझा एक शब्द पुरला असता... आणि खरं सांगते, तो ओठांपर्यंत आलाही होता. पण नसरीन माझ्याकडे बघायचंच टाळत होती. तिला किती जायचंय, ते मला तेवढ्यावरून कळलं.

"जा," मी म्हणाले.

मग सुरू झाले फोटो. दोन्ही बाजूंना हिरवागार गहू आणि मधून रिकामा रस्ता. बांधावर लाल पॉपीची फुलं. एका फोटोत तर तिच्या मागे एक कार निवांत चालली होती... हॉर्न न देता, ओव्हरटेकची वाट बघत! मी तो फोटो झूम करून करून बघितला. माझा रस्ता, माझी नदी, आणि त्यावर नसरीन. दोन दिवस मी तिला साधा अंगठासुद्धा पाठवला नाही.

तर त्या शनिवारी अचानक तिचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा कॉल.

"वैशाली, मैं गुम गई."

"म्हणजे?"

"अगं, इथं चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंनी झाडंच झाडं. मॅप खुलेच नै रा. कधीपासून एकटीच चाललेय... मेरेकू डर लग रा."

लपवत नाही, क्षणभर मला बरं वाटलं. घे म्हटलं, शांत रस्ते! पण मग तिचा श्वास ऐकू आला. ही बाई दुकानात दहा गिऱ्हाइकांशी एकटी भांडते, आणि इथे तिला हुंदका आवरत नव्हता.

मी उठून बसले. "रडू नको. शेवटचं गाव कुठलं लागलं? नदीकाठी जुनं मोठं चर्च होतं का?"

"होतं. तिथून उजवीकडे वळले."

"बरोबर वळलीस. मग पुढे दगडी भिंत लागली?"

"लागली. डावीकडे वळून तिच्याच कडेनं चाललेय. संपतच नाही गं..."

शाँबोरचा राजवाडा! त्याच्या अख्ख्या जंगलाला भिंत आहे, आणि आत जायची दारं ठरावीक ठिकाणीच. दार उजवीकडे होतं आणि ही उलट दिशेला वळली होती.

"मागे फीर. आता भिंत डाव्या हाताला ठेव आणि दार दिसेपर्यंत थांबू नको. फोन चालू राहू दे."

तिनं फोन खिशात टाकला असावा. मला नुसती चाकांची सळसळ ऐकू येत होती, आणि पक्षी... आमच्या गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी पंखा, कूलर सगळं बंद केलं. घामानं भिजून ऐकत बसले.

"दार आलं!"

"आत शीर. सरळ जा."

पुन्हा चाकांची सळसळ. मग सायकल थांबल्याचा आवाज झाला.

"नसरीन? दिसला का?"

"वैशू..." एवढंच.

मला त्या क्षणी तिचा भयंकर हेवा वाटला. तो राजवाडा, ती शेकडो धुराडी, ते टोकदार मनोरे... मला स्क्रीनवरून पाठ होते. आणि ते खरे समोर उभे होते ते तिच्या.

"सांग ना, काय दिसतंय?" असं विचारणार होते. पण नाही विचारलं. म्हणाले, "फोन ठेव आता. निवांत बघ."

फोन ठेवला आणि मनसोक्त रडले. घरच्यांना वाटलं, खांदा दुखतोय.

आज ती परत येतेय. हेवा गेला का? नाही, चांगला शाबूत आहे. पण एक कळलं... लोक रोज कुठे कुठे फिरून येतात, फोटो टाकतात, आणि मी ते बघून पुढे सरकते. एवढं जळायला माणूस जिवाभावाचंच लागतं. तसं एक मला मिळालंय, आणि संध्याकाळी मी तिला घ्यायला स्टेशनवर जाणार आहे.