चारला नाय आलो तर

माझ्या चुलत भावानं मला एकदा फाट्यावर उभं ठेवलं होतं आणि तो आलाच नाही. ठाण्याला पोलीस भरतीचं मैदान होतं. आमच्या मुरबाडकडच्या गावातून पहाटेची पहिली गाडी गाठायची तर मोटरसायकल हवी, आणि ती फक्त त्याच्याकडे. "तू तयार राहा गो, मी हाय ना," म्हणाला होता. मी राहिले तयार. हातात बूट, पिशवीत कागद. उजाडलं, दूधवाला गेला, शाळेची पोरं गेली. दुपारी मी घरी परतले तेव्हा हा डोळे चोळत आला नि म्हणाला, "झोप लागली गो." वर हसला! पुढची भरती निघेपर्यंत माझं वय गेलं, मग मला सापगावात दिलं. अंगावर खाकी चढायची, ती मी आज दुसऱ्यांच्या ब्लाउजांना हुक लावत बसते. घरातले म्हणाले, जाऊ दे, भाऊच आहे. मी नाही जाऊ दिलं. डूख धरला म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

आता ह्याचं मुरबाडला सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ ह्याचंच शहाणपण. गेल्या हिवाळ्यात ह्याला गुहेत शिरायचं वेड लागलं. कल्याणला डोंगर भटकणाऱ्या मंडळींनी नवख्यांसाठी वर्ग काढला होता, तिथं नाव घातलं. म्हसा गावच्या जत्रेत भेटेल त्या पाहुण्याला धरून शिकवायचा. एकट्यानं जायचं नाय, जाणता माणूस सोबत पायजे. डोक्याला हेल्मेट. प्रत्येकाकडे तीन बॅटऱ्या, एक डोक्याला नि दोन जवळ, वर जादा सेल. जीन्स घालायची नाय, भिजली की अंग गारठतं. पावसाळ्यात तर पाऊलच टाकायचं नाय. तोंडाशी आग्यामोहोळ आहे का बघायचं, अत्तरबित्तर मारून जायचं नाय. आत डोकं जड झालं की तिथून मागं फिरायचं, मर्दानगी दाखवायची नाय. हे सगळं मला जिलबी खाता खाता. खरं सांगते, एकही गोष्ट चुकीची नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप. स्वतःच्या जिवाचा प्रश्न आला तर किती नीट तयारी करता येते बघा ह्याला!

मग म्हणाला, "आनि बाहेर एक मानूस बसवायचा. ठरलेल्या टायमाला आमी आलो नाय, तर त्यानं आत नाय शिरायचं, फोन फिरवायचे. तूच बस गो. तू टायमाची पक्की."

टायमाची पक्की! तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गोड हसले. म्हटलं, बसेन की, भावासाठी एवढंही नाही करणार?

उंबरमाळीच्या वरच्या रानात एक बीळ आहे, सरपटत शिरायची गुहाच, तिथं ठरलं. त्या दिवशी हा, वर्गातले आणखी दोघं आणि त्यांना नेणारे सर असे चौघं आत जाणार होते. दुसरे सर वेगळी तुकडी घेऊन खालच्या पाड्यात होते. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला, वरच्या कातळावर रेंज येते हे बघून घेतलं. ह्यानं प्रत्येक बॅटरी दोनदा लावून पाहिली. जाताना म्हणाला, "चारला नाय आलो तर फोन कर. पन जरा दम धर हां, पाच-दहा मिंटं इकडं तिकडं होतात."

मी म्हटलं, बरं.

दम धरते म्हणे! माझं सगळं ठरलं होतं. ह्या माणसाला कधी वेळेवर येता आलंय? आत फोटो काढत बसेल, पंधरा-वीस मिनिटं तरी लावेल. तोवर मी गावभर बोंब मारलेली असणार. सगळं गाव धावत येईल नि हा हसत बाहेर निघेल, मग बघा कशी फजिती होते. मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या. साडेतीनलाच कातळावर चढून फोन हातात धरून बसले.

चार वाजले. एक मिनिटसुद्धा दम धरला नाही. आधी दुसऱ्या सरांना फोन लावला, तोच नियम होता. मग गावाच्या ग्रुपवर रडका आवाज काढून बोलले, "आमचा भाऊ गुहेत अडकला वो, कुनीतरी या!" त्याच्या बायकोला लावला. त्याच्या सासऱ्यालाही लावला, ते तर नियमात नव्हतं.

दुसरे सर दोघांना घेऊन वर आले, हेल्मेट, दोर, पहार घेऊन. आत गेले. मी अजून गालातल्या गालात हसत होते. त्यातला एकजण परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सरपटत जायच्या जागी वरून दगड सरकला होता आणि चौघंही पलीकडे कोंडले होते. ओरडून ओरडून घसे बसले होते त्यांचे, बाहेर काही ऐकू आलं नव्हतं. दगड अजून सरकत होता. त्याला टेकू देऊन वाट करायला अंधार पडत आला.

तोवर टेम्पो भरून गाव आलं होतं. चौघं एकेक करून निघाले, हा शेवटी. एक खांदा सोलवटलेला. दुसरे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुम्ही पाच-दहा मिनिटं वाट बघितली असती तर आमच्या तुकडीची बस निघाली असती. पुढे घाटात रेंज नाही. दगड तेवढा वेळ थांबला नसता."

झालं! सासरा माझ्यापुढे हात जोडायला लागला, बायको माझ्या गळ्यात पडली. ह्यानं माझे दोन्ही हात धरले नि पोरासारखा रडायला लागला. "बहीन असावी तर अशी," सगळ्यांना सांगतोय, "माज्यासाठी मिंटभर पन थांबली नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फजिती करायला बोलावलेलं गाव माझे गोडवे गात होतं.

मी म्हटलं, "अरे, मी तुझ्यासाठी नाही केला फोन. तुला तोंडावर पाडायला केला. त्या मैदानाबद्दल."

तो रडता रडता थांबला. "कसलं मैदान गो?"

मला वाटलं सोंग करतोय. नाही. खरंच विचारत होता. ज्याच्यापायी मी इतकी वर्षं आतल्या आत जळत आले, ते ह्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

मग मी सांगितलं. तिथंच, बिळाच्या तोंडाशी, सासऱ्यासमोर, बायकोसमोर, टेम्पोतून उतरलेल्या सगळ्या गावासमोर. फाटा, बूट, कागद, "झोप लागली गो", हसणं, सगळं. आवाज चढवला नाही. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. तो माझ्याकडे बघेना. "त्या दिवशी तुला माझ्यासाठी उठता आलं नाही रे," मी म्हटलं, आणि त्यानं माझे हात हळूच सोडले.

मला बरं वाटलं. अजून वाटतं.